सभासदांची यादीच नाही, मग १९व्या शतकातला गिरणी कामगार शोधायचा कुठे?

अनुराधा_वाचते

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर मी १९०० पूर्वीच्या मुंबईतल्या गिरणी कामगारांविषयी हाताला लागेल ते वाचतेय. माझे खापरपणजोबा याच काळात कोकणातून आले, एवढंच घरात सांगतात. पुढे काहीच नाही. कोणती गिरणी, कोणतं खातं, कुणाला ठाऊक नाही.

वाचता वाचता ब्रिटनमधल्या अभ्यासांकडे वळले आणि खरं सांगते, हेवा वाटला. तिथल्या कामगार संघटनांनी १९व्या शतकातच काय काय लिहून ठेवलंय! सभासद कधी झाला, वय किती, धंदा किती वर्षं शिकला, आजारपणाचा भत्ता किती आठवडे घेतला, बेकार कधी होता, वारला तेव्हा बायकोला किती पैसे मिळाले. सुतारांच्या संघटनेत हत्यारं चोरीला गेली किंवा जळाली तर भरपाई मिळायची, म्हणजे त्याचीही नोंद. एका साध्या सुताराचं आयुष्य यातून उभं राहतं.

माझा प्रश्न असा: आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन, म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना, १८८४ पासून होती. तिचं दप्तर कुठे आहे का? सभासदांची नोंदवही, वर्गणीचा हिशोब, सभेचं इतिवृत्त, काहीही? आणि नसेल तर त्या माणसांपर्यंत पोचायचं कसं?

---

टिकली

वाचतेय. माझ्या सासऱ्यांचे वडीलही गिरणीत होते. धागा भरू दे.

---

जुनाकंदील

अनुराधाताई, नोंदवही शोधण्यात वेळ घालवू नका. ती हरवलेली नाही, ती नव्हतीच. आणि हे एका सरकारी कागदावरूनच कळतं.

मुंबईतल्या फॅक्टरी कायद्याच्या अंमलबजावणीचा १८९२चा अहवाल आहे. त्यात साहेबाने स्पष्ट नोंदवलंय की लोखंडे स्वतःला मिल हँड्स असोसिएशनचे अध्यक्ष म्हणवतात, पण ही संघटित संस्था नाही. तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. जो गिरणी कामगार त्यांच्याकडे येईल त्याला ते स्वखुशीने सल्ला देतात, इतकंच.

म्हणून १८८४ की १८९० हा वादही तुम्हाला पुस्तकापुस्तकांत सापडेल. नोंदणी नाही, घटना नाही, मग स्थापनेचं साल ठरवायचं कशावरून? कुणी १८८४ची सभा धरतात, कुणी १८९०ची.

---

साचेवाला

कंदीलराव, तो अहवाल मीही वाचलाय आणि दर वेळी राग येतो. यादी नाही, निधी नाही म्हणजे संघटना नाही? मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार माणूस कुणाच्या हाकेला जमला? आणि १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी कबूल केली, ती कुणाला घाबरून?

मी स्वतः तीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होतो. संघटना कपाटातल्या रजिस्टरात नसते, खात्यात असते. ज्याने हे लिहिलं त्याला कामगाराचं बोलणं हलकं करायचं होतं.

---

जुनाकंदील

साचेवाला दादा, तुमचा राग मला मान्य आहे. लोखंड्यांचं वजन कमी करण्याचा हेतू त्या वाक्यात आहेच. पण हेतू कसाही असो, माहिती खरी आहे आणि अभ्यासकाच्या कामाची आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कधीतरी हातात येणार, तोवर वाण्याची उधारी. अशा माणसाने वर्गणी कशातून भरायची? नियमित वर्गणी नाही म्हणून नोंदवही नाही. नोंदवही का नाही हे विचारलं की थेट त्याच्या खिशापर्यंत पोचता येतं.

बघा, १८८४च्या सप्टेंबरात परळच्या सभेनंतर जो अर्ज गिरण्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे गेला, त्यावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या अशा: रविवारची सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखम झाली तर बरं होईपर्यंत पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

या मागण्या उलट्या वाचा. पंधरा तारखेची मागणी होते म्हणजे पगार त्याहून उशिरा होत होता. दुपारची अर्धा तास विश्रांती मागावी लागते म्हणजे भाकरी यंत्राजवळच, जमेल तशी खाल्ली जात होती. गिरण्यांत विजेचे दिवे यायचे होते, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, म्हणजे उन्हाळ्यात दिवस आणखी लांब. एवढा एक अर्ज म्हणजे त्या माणसाची दिनचर्या आहे.

---

पैलतीर

मी इंग्लंडात राहतो, म्हणून थोडं तिकडचं. वॉरिक विद्यापीठात मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटर आहे, १९७३ साली सुरू झालेलं. मी इतिहासकार नव्हे, कुतूहल म्हणून दोन दिवस जाऊन बसलो होतो. गवंड्यांच्या, म्हणजे दगड घडवणाऱ्यांच्या संघटनेची पंधरवड्याची पत्रकं तिथे आहेत. १८३०च्या दशकापासूनची. छापील, बारीक अक्षर, शाखेमागून शाखा. कुठे काम आहे, कुठे संप चालू आहे म्हणून जाऊ नका, कुणी वर्गणी बुडवून पळाला.

मला सगळ्यात भावली ती फिरस्तीची व्यवस्था. गावात काम संपलं की सभासद संघटनेचं कार्ड घेऊन चालत निघायचा. पुढच्या गावातल्या शाखेने त्याला रात्रीचं जेवण, निजायला जागा आणि थोडे पैसे द्यायचे, दिले म्हणून नोंद करायची. शाखेची बैठक बहुधा गुत्त्याच्या माडीवर असे, त्यामुळे नोंदवहीही तिथेच. या नोंदी जोडत गेलं की एक माणूस गावोगाव चालताना नकाशावर दिसतो.

पण हेवा जरा बेताने करा. १८५१ साली यंत्रकारागिरांची मोठी एकत्रित संघटना झाली, तिची वर्गणी आठवड्याला एक शिलिंग होती. ती कुशल कारागिरालाच परवडणारी. हमाल, गोदीतले रोजंदार, घरी बसून शिवणाऱ्या बाया, यांचा त्या वह्यांत पत्ता नाही. गोदी कामगार मोठ्या संख्येने संघटनेत आले ते १८८९च्या लंडनच्या संपानंतर.

---

हिशोबनीस

पैलतीर यांच्या मुद्द्याला जोडून. माझा जन्म हिशोबात गेला, म्हणून कागद कसा वाचायचा ते सांगतो.

संघटनेच्या जमाखर्चात लोक आधी जमेची बाजू बघतात. किती सभासद, किती वर्गणी. त्यातून संघटनेची ताकद कळेल. माणूस बघायचा तर खर्चाची बाजू उघडा. आजारपण, बेकारी, म्हातारपणाचा भत्ता, मरणखर्च. मरणखर्च दिलेल्यांची यादी वय आणि कारणासकट असेल तर ते सोनं आहे. दगड घडवणारा कितव्या वर्षी छातीच्या विकाराने जातो हे डॉक्टरांच्या आधी त्या वहीला कळतं.

आता सावधगिरी. एक, वर्गणी थकली की नाव कमी होतं. यादीतून नाव गेलं म्हणजे माणूस धंदा सोडून गेला किंवा मेला असं नाही, बहुतेक वेळा तो कंगाल झालेला असतो. ज्या वर्षी त्याला संघटनेची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच वर्षी तो कागदावरून नाहीसा होतो. दोन, प्रवेशालाच वयाची आणि तब्येतीची चाळणी असे. मग यादीतली माणसं धंद्यातल्या सरासरी माणसापेक्षा धडधाकट दिसणारच. तीन, शाखेचा चिटणीस हा सभासदच, दिवसभर काम करून रात्री लिहिणारा. घाईचे आकडे असतात. वरच्या कचेरीच्या बेरजेशी ताडून बघितल्याशिवाय वापरू नयेत.

यातला दुसरा मुद्दा फार दूरवर जातो. पहिल्या महायुद्धापूर्वीची ब्रिटनमधली बेकारीची टक्केवारी म्हणून जे आकडे देतात, ते मुख्यतः संघटनांनी कळवलेल्या बेकार सभासदांवरून काढलेले आहेत. म्हणजे एका देशाची बेकारी, मोजली कुशल कारागिरांवरून.

---

टिकली

"नेमका त्याच वर्षी तो कागदावरून नाहीसा होतो" हे वाचून थांबले. काका, लिहीत जा हो.

---

मंदा_मावशी

सगळे "तो" "तो" करताय. बायका कुठे आहेत?

पैलतीर, तुमच्या त्या यंत्रकारागिरांच्या संघटनेने बायकांना प्रवेश दिला तो १९४३ साली! म्हणजे ९२ वर्षं. लँकेशायरच्या विणकरांच्या संघटनांत बायका भरपूर होत्या, पण चिटणीस, खजिनदार पुरुषच. मग इतिवृत्तात बाईचं म्हणणं उतरणार ते पुरुषाच्या हातून.

आणि मुंबई. महालक्ष्मीच्या सभेत दोन स्त्री कामगार बोलल्या, हे जवळजवळ प्रत्येक लेखात येतं. कौतुकाने येतं. त्या काय बोलल्या, कुठल्या खात्यातल्या, पोरं कुणाकडे ठेवून आल्या होत्या, हे विचारावंसं कुणाला वाटत नाही. माझी आजी रीळखात्यात, सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिच्यावर नायकीण असे. कामावर कोण घ्यायची, कोण नाही, कुणाच्या तान्ह्या मुलाकडे काणाडोळा करायचा, सगळं नायकिणीच्या हातात. बाईचं खरं दप्तर म्हणजे नायकिणीची जीभ होती, ते कुठल्या अभिलेखागारात मिळणार?

---

अनुराधा_वाचते

मावशी, हे मनात धरून ठेवते. १८९१च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचे तास अकरावर आणले, मधे दीड तास विश्रांती. ते करताना बायकांची साक्ष घेतली होती ना?

---

जुनाकंदील

१८९०च्या फॅक्टरी कमिशनने कामगारांच्या साक्षी घेतल्या आणि त्या छापल्या आहेत. लोखंडे त्या कमिशनच्या कामात मुंबईतर्फे सामील होते. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर म्हणजे या साक्षी. माणसाचं वय, गाव, पगार, किती वाजता उठतो, मुलं कामाला आहेत का, असलं काय काय त्यात निघतं.

वाचताना मात्र तीन माणसं डोळ्यांसमोर ठेवा: प्रश्न विचारणारा, भाषांतर करणारा आणि साक्षीदाराला तिथे घेऊन आलेला. मराठीत दिलेलं उत्तर आपल्याला इंग्रजीत मिळतं. "पुरे होतं का?" असं साहेबाने विचारलं तर उद्या कामावर परत जायचंय अशी बाई काय म्हणेल?

चौथी गोष्ट, या कमिशनांमागचं राजकारण. १८५४ साली कावसजी दावर यांनी गिरणीची कंपनी काढली, त्यानंतर तीसेक वर्षांत मुंबईचं सूत इतकं वाढलं की मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानातल्या कामगाराचा एकाएकी कळवळा आला. इथे कायदा आला की इथला माल महागणार, हा त्यांचा हिशोब. उलट इथले मालक कायद्याविरुद्ध, आणि आपली बरीच राष्ट्रीय वर्तमानपत्रंही मालकांच्या बाजूची. कामगाराच्या बाजूने सोराबजी शापुरजी बंगाली १८७८ पासून कायद्यासाठी झटत होते आणि पुढे लोखंडे. १८८१चा पहिला कायदा आला, त्यात तासांचे नियम फक्त मुलांपुरते: सात वर्षांखालचं मूल नको आणि बारापर्यंतच्याला नऊ तास. मोठ्यांच्या तासांबद्दल काही नाही.

मूळ मराठी आवाज हवा असेल तर 'दीनबंधु'. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेलं पत्र, १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईतून चालवलं. मिळतील तेवढे अंक वाचा.

---

साचेवाला

कंदीलराव, या एका प्रतिसादासाठी तुमच्याशी केलेलं भांडण मागे घेतो.

अवांतर होईल पण सांगतो. १८ जानेवारी १९८२चा गिरण्यांचा संप सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर काही वर्षांनी एका संघटनेची जुनी खोली रिकामी करायची होती. मी मदतीला गेलो. भिंतीला लागून पोत्यांत रजिस्टरं, पावतीबुकांची स्थळप्रत, कामगारांनी हाताने लिहिलेल्या तक्रारी. "माझ्या जागी बदलीवाला कायम केला", "जॉबरने दोन दिवस खाडा मांडला", असले अर्ज. (बदलीवाला म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी बसणारा, जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम, खाडा म्हणजे गैरहजेरी.) मी म्हटलं हे ठेवू या. कुणाच्या घरात जागा होती? दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं. रद्दीवाला हातगाडी घेऊन आला. एक पोतं तरी उचलायला हवं होतं मी. ही बोच अजून जात नाही.

---

हिशोबनीस

दादा, तुम्ही ते आज इथे लिहिलंत हेही दप्तरच आहे. त्या पोत्यांत काय काय होतं ते आठवेल तसं लिहून ठेवा. तारीख घाला.

---

पैलतीर

इथे एक फरक लक्षात येतोय. ब्रिटनमध्ये वह्या उरल्या याचं कारण त्यांच्यामागे पैसा होता. मरणखर्च, आजारपण असे भत्ते द्यायचे म्हणजे हिशोब काटेकोर हवा. १८७१च्या कायद्यानंतर नोंदणी केलेल्या संघटनेला दर वर्षी सरकारी निबंधकाकडे हिशोब पाठवावा लागे. आपल्याकडे तसा कायदा कधी आला?

---

जुनाकंदील

१९२६. नोंदणी झालेल्या संघटनेने वार्षिक पत्रक पाठवायचं, सभासदसंख्या आणि जमाखर्चासह. १९२८ला गिरणी कामगार युनियन आली तेव्हा कागद तयार व्हायला लागलेच होते. १९२१ पासून मुंबई सरकारचं लेबर ऑफिस कामगारांची माहिती जमवत होतं. म्हणजे अनुराधाताईंचा काळ संपल्यावर सगळं सुरू होतं. १९व्या शतकासाठी संघटनेच्या दप्तराची जागा दुसऱ्या कागदांनी भरून काढावी लागणार.

---

मंदा_मावशी

मनीऑर्डर! टपालाची मनीऑर्डर १८८०ला सुरू झाली ना? मुंबईहून रत्नागिरीकडे किती पैसा गेला, कुठल्या महिन्यात गेला, याचा माग लागला तर अर्धं चित्र उभं राहील. आणि खानावळवाल्या बायकांचे हिशोब. कामगार मुकादमाशी खोटं बोलेल, संघटनेची वर्गणी बुडवेल, खानावळीचे पैसे बुडवले तर रात्री जेवणार कुठे?

---

टिकली

प्लेगचे कागदही. १८९६ला प्लेग आल्यावर अर्धी मुंबई गावाला पळाली होती असं सासरे सांगत.

---

जुनाकंदील

बरोबर. माणूस मिळेना म्हणून तेव्हा गिरण्यांना रोजच्या रोज पगार द्यावा लागला. १८८४ला पंधरा तारखेसाठी अर्ज करावा लागत होता, १८९७ला रोजचा रोख पैसा. प्लेगने जे करून दाखवलं ते कुठल्याही संघटनेला जमलं नव्हतं. आणि लोखंडे स्वतः ९ फेब्रुवारी १८९७ला त्याच प्लेगने गेले.

---

तळकोकणी

इतका वेळ नुसता वाचत होतो. माझ्याकडे १९वं शतक नाही, पण एक वस्तू आहे. आजोबांची युनियनच्या वर्गणीच्या पावत्यांची चळत, सुतळीने बांधलेली. १९३०च्या दशकातली. आईने देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती. हिशोबनीस काकांचं वाचून काल रात्री महिनावार मांडून बसलो.

पाच वर्षांच्या पावत्या आहेत. मे आणि जूनची एकही नाही. एकाही वर्षाची. आधी वाटलं हरवल्या असतील. मग लक्षात आलं, पाचही वर्षी तेच दोन महिने कशा हरवतील? आजोबा मेमध्ये गावाला जायचे. लग्नं, घर शाकारणं, मग पेरणी उरकून परत. जुलैच्या पावतीवर मात्र दर वेळी एकाच महिन्याची वर्गणी, मागची थकबाकी भरलेली नाही.

---

हिशोबनीस

वा. हे जपून ठेवा आणि फोटो काढा, पावतीच्या मागची बाजूसुद्धा. थकबाकी भरून घेतलेली नाही याचा अर्थ युनियनलाही मान्य होतं की माणूस गावाला गेला तर ते दोन महिने धरायचे नाहीत. ब्रिटनमध्ये असता तर नाव कमी झालं असतं.

---

साचेवाला

युनियनला मान्य असणारच. वर्गणी जमवणाराही गावालाच गेलेला असायचा. पण परत आल्यावर साचा आपलाच मिळेल याची खात्री नसे. तेवढ्यात बदलीवाला बसलेला. जुलैची पावती आहे म्हणजे तुझ्या आजोबांचं जॉबरशी बरं होतं, किंवा गावाहून येताना त्याच्यासाठी काहीतरी आणलेलं असणार.

---

तळकोकणी

आई म्हणते फणस आणि आमसुलं. कुणासाठी ते तिला माहीत नव्हतं, "वरच्या माणसाला" एवढंच आजोबा म्हणायचे.

---

अनुराधा_वाचते

मी नोंदवही शोधायला आले होते. आता कामाची यादी बदलली आहे. आधी १८८४चा अर्ज आणि १८९०च्या साक्षी शेजारी शेजारी ठेवून वाचणार, मागणी एका बाजूला आणि त्या मागणीविषयी साक्षीदार प्रत्यक्ष काय बोलला ते दुसऱ्या बाजूला. प्रत्येक साक्षीपुढे भाषांतर कुणी केलं, साक्षीदाराला आणलं कुणी, हे कळेल तिथे लिहिणार. बायकांच्या साक्षी वेगळ्या काढते, मावशी. आणि सगळीकडे एक प्रश्न विचारून बघणार: तू गावाला कधी जातोस आणि परत आल्यावर कामावर कोण घेतं? तळकोकणींच्या मे-जूनची मुळं १८९०मध्ये सापडतात का ते बघायचंय.

साक्षींचा खंड वाचायला सोमवारी मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात जातेय. कुणाला यायचं असेल तर व्यनि करा.

---

साचेवाला

मी येतो. चष्मा नवा केलाय. इंग्रजी तुम्ही वाचा, खात्यातलं काय ते मी सांगतो.

---

मंदा_मावशी

मीही. डबा आणते तिघांचा.